शाळा फोनमध्ये गेली, समतेचे काय?

शाळेला आज दोन फळे झाले आहेत. एक वर्गाच्या भिंतीवर आहे. दुसरा शिक्षकांच्या व पालकांच्या हातातील फोनमध्ये आहे, आणि त्यास व्हॉट्सॲप ग्रुप असे नाव आहे. उद्या शाळा किती वाजता भरणार, परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख कोणती, शिष्यवृत्तीसाठी कोणता दाखला जोडावयाचा, गृहपाठ काय दिला, या गोष्टी पूर्वी पहिल्या फळ्यावर लिहिल्या जात. आता त्या दुसऱ्यावर लिहिल्या जातात आणि पहिल्यावर लिहिण्याचे पुष्कळदा राहून जाते. हा बदल कोणी ठराव करून आणला नाही. तो आला आणि रुळला. आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत याचे कारण असे की, पहिल्या फळ्यापर्यंत पोचण्यासाठी आमच्या मागील पिढ्यांनी जे सोसले त्याचा हिशेब या दुसऱ्या फळ्यास ठाऊक नाही.

साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांस वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपाई हजर नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. त्या शाळेपासून आजच्या शाळेपर्यंतचा मार्ग कायद्याच्या एकेका कलमाने तयार झाला आहे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने (आकडा योगायोगाने तोच आहे) मुलास शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचबरोबर त्याचा मानसिक छळ करण्यासही बंदी केली. त्याच कायद्याच्या ८ व्या व ९ व्या कलमांनी दुर्बल व वंचित घटकांतील मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली. ही कलमे शाळेच्या इमारतीस लागू आहेत आणि फोनमधील शाळेस लागू नाहीत असे कोठेही लिहिलेले नाही. व्यवहार मात्र तसे लिहिले असल्याप्रमाणे चालला आहे.

एक उदाहरण घेऊ. वर्गातील मुलांच्या जाती फळ्यावर लिहून ठेवण्याचे धाडस आज कोणी शिक्षक करणार नाही. परंतु शिष्यवृत्तीस पात्र मुलांची यादी, नाव, प्रवर्ग, पोटजात, कुटुंबाचे उत्पन्न आणि बँकेचे खाते अशा रकान्यांसह, शे-दीडशे पालकांच्या ग्रुपवर टाकताना त्याच शिक्षकाचा हात अडखळेल असे सांगता येत नाही. त्यास वाटते, आपण काम सोपे केले. वरून आलेला तक्ता त्याने खाली पाठविला, एवढेच त्याच्या लेखी घडलेले असते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात बसणाऱ्या मुलाच्या लेखी काय घडलेले असते? ज्याच्याबरोबर तो डबा खातो त्या मित्राच्या घरी आदल्या रात्री ती यादी वाचली गेलेली असते. त्या घरात काय बोलले गेले हे त्यास कळत नाही. मित्र आज जरा दूर सरकून बसला एवढेच कळते.

नवदीक्षित कुटुंबास या प्रकारात आणखी एक काटा आहे. धर्माच्या रकान्यात आपण 'बौद्ध' असे लिहितो आणि ते अभिमानाने लिहितो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या सवलती मिळाव्यात म्हणून १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, आणि तो हक्क सिद्ध करण्यासाठी जातीच्या दाखल्यावर पूर्वीच्या जातीचा उल्लेख राहतो. तो उल्लेख हक्काच्या कागदावर, कार्यालयाच्या फाइलीत, योग्य त्या अधिकाऱ्यापुढे असणे निराळे. ज्या नावाचा आम्ही दीक्षाभूमीवर त्याग केला ते नाव गावातील दीडशे फोनांवर शाळेनेच छापून पाठविणे निराळे. पहिली गोष्ट कायद्याची गरज आहे. दुसरीची गरज कोणास आहे, हा सवाल आम्ही मुख्याध्यापकांस नम्रपणे विचारतो.

हे सारे लिहीत असताना आम्ही या साधनाचे शत्रू आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांस बीडपासून दूर एखाद्या फडावर आपल्या मुलाच्या परीक्षेचे वेळापत्रक कळते, ते याच फोनमुळे. मुंबईस बांधकामावर असलेला बाप शिक्षकाशी चार शब्द बोलू शकतो, तेही यामुळेच. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. त्या कामासाठी २०२० मध्ये त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. खेड्यातील मुलास चांगला धडा ऐकावयास मिळावा, यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? आमचा आक्षेप साधनास नाही. ते ज्याच्या घरी नाही त्याची शाळा कोणती, एवढे आम्ही विचारतो.

याचे उत्तर टाळेबंदीने दिले आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. महाराष्ट्रातील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. मधल्या काळात शाळा म्हणजे फोन असे समीकरण झाले. ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालाने २०२१ मध्ये असे नोंदविले की, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. वाढ मोठी आहे. पण त्याच अहवालात असेही आहे की, घरी फोन असलेल्या मुलांपैकी चौथा हिस्सा मुलांस तो हाताळावयास मिळत नव्हता. मिळणार कसा? फोन एक, तो बापाबरोबर सकाळी कामावर गेलेला. घरी राहिलेला असला तर रिचार्ज संपलेला. आणि भावंडे दोन असली तर तो कोणाच्या हाती जातो आणि कोणाच्या नाही, हे ज्या घरांत मुली आहेत त्या घरांनी स्वतःस विचारावे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात १ जून २०२० रोजी, म्हणजे ऑनलाइन वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, रोजंदारीवर जगणाऱ्या दलित कुटुंबातील चौदा वर्षांच्या एका हुशार मुलीने आपले जीवन संपविले. घरातील टीव्ही नादुरुस्त होता आणि स्मार्टफोन नव्हता. साक्षरतेत देशाच्या पुढे असलेल्या राज्यात हे घडले.

त्याच काळात सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरील भिंती रंगवून त्यांवर धडे लिहिले. अक्षरे, पाढे, व्याकरण, जे पुस्तकात होते ते गल्लीत उभे राहिले. भिंतीस रिचार्ज लागत नाही आणि ती भावाने बहिणीपासून लपवून ठेवता येत नाही. ज्या शिक्षकांस ही गोष्ट सुचली त्यांनी समता या शब्दावर व्याख्यान दिले होते की नाही आम्हांस ठाऊक नाही. पण ती त्यांनी चुन्याच्या भिंतीवर काढून दाखविली.

तेव्हा पहिली मागणी ही की, जे शाळेच्या भिंतीवर लावलेले नाही ते केवळ ग्रुपवर टाकले म्हणून मुलास कळविले असे धरू नये. 'ग्रुपवर टाकले होते, तुम्ही पाहिले नाही' हे उत्तर ऐकून शिष्यवृत्तीची तारीख गमावलेल्या आईने मान खाली घालून परत येण्याचे कारण नाही. सूचना देणे हे शाळेचे कर्तव्य आहे, फोन बाळगणे हे आईचे कर्तव्य नाही.

आता छायाचित्रांविषयी. शाळेत गणवेश आले, की फोटो. वह्या वाटल्या, की फोटो. पाहुणा एका हाताने वह्यांची चळत देतो आहे, मूल दोन्ही हातांनी घेते आहे, आणि दोघांनीही तोंडे कॅमेऱ्याकडे केली आहेत, हे चित्र आमच्या वाचकांनी हजार वेळा पाहिले असेल. फोटो संध्याकाळपर्यंत शाळेच्या फेसबुक पानावर, पाहुण्याच्या पानावर आणि पाहुण्याच्या कार्यकर्त्यांच्या स्टेटसवर जातो. ज्या गोष्टीवर मुलाचा कायद्याने हक्क आहे तीही अशा रीतीने दान होऊन बसते, आणि मूल त्या दानाची पावती होते. आपल्या लोकांनी भाकरीच्या तुकड्यासाठी हात पसरू नयेत म्हणून ज्यांनी उभे आयुष्य वेचले, त्यांच्या जयंतीसही वह्यावाटपाचे असेच फोटो आमच्याच वस्त्यांत निघतात. तो दोष आम्ही शिक्षकांच्या माथी मारणार नाही. वह्या अवश्य वाटाव्यात. मुलाचा चेहरा वाटू नये.

शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. फोटोंचा हा सोस पुष्कळसा वरून आलेला आहे. २०१६ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने शिक्षकांनी मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून तो हजेरीच्या नोंदीसाठी सरकारी प्रणालीत भरावा असा आदेश काढला होता. शिक्षकांनी विरोध केला, तेव्हा तो स्थगित करावा लागला. सेल्फी गेली तरी वृत्ती गेली नाही. उपक्रम झाला याचा पुरावा फोटो, अहवालासोबत फोटो, केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर फोटो. जो शिक्षक दिवसातून चार वेळा फोन हातात घेऊन वर्गाचे चित्र काढतो, त्याने मुलांस 'फोन वाईट' असे सांगितले तर मुले हसतील नाही तर काय करतील?

केंद्र सरकारचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले आहे, आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असे सांगितले आहे. शाळांस त्यात काही सूट आहे, परंतु ती शिक्षणाच्या कामापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. पाहुण्याच्या प्रसिद्धीपुरती नाही. पालकाने 'माझ्या मुलाचा फोटो टाकू नये' असे दोन ओळींचे पत्र शाळेस दिले तर त्यात उद्धटपणा कसला?

याहून नाजूक असा एक प्रश्न आहे, आणि नाजूक आहे म्हणूनच तो उघडपणे बोलला पाहिजे. शिक्षकाने एकेका विद्यार्थ्याशी, विशेषतः विद्यार्थिनीशी, खाजगी संदेशांतून बोलावे काय? आमच्या घरांत हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. पहिलीच पिढी शिकत असलेल्या घरात रात्री नऊ वाजता गणित अडले तर सांगणारे कोणी नसते. बाप सातवी शिकलेला, आई त्याहून कमी. अशा वेळी शिक्षक फोनवर उत्तर देतो ते त्याचे उपकार वाटतात, आणि पुष्कळदा ते खरोखरच उपकार असतात. बहुसंख्य शिक्षक सज्जन आहेत यात आम्हांस शंका नाही. पण जो सज्जन नाही त्यास हेच उपकाराचे दार उपयोगी पडते. गणितापासून सुरू झालेले बोलणे 'घरी सांगू नकोस' या वाक्यापर्यंत आले, की मुलगी दुहेरी अडकते. एकीकडे गुरुजी, दुसरीकडे शाळा सुटण्याची भीती. कारण आमच्या घरांत अजूनही अशी गोष्ट कानावर आली तर चौकशी शिक्षकाची होण्यापूर्वी मुलीचे नाव शाळेतून काढले जाते. हे बोलणे कडू आहे, पण खोटे नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या कायद्याचे, ज्यास सारे पोक्सो म्हणतात, ११ वे कलम असे आहे की, लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणे किंवा त्याच्याशी संपर्क साधत राहणे हा गुन्हा आहे, मग तो संपर्क प्रत्यक्ष असो वा इलेक्ट्रॉनिक साधनाने असो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा गुन्ह्याची कुणकुण लागल्यास पोलिसांस कळविणे हे सर्वांस बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा असा गुन्हा दडपला तर त्यास स्वतंत्र शिक्षा आहे. 'शाळेची बदनामी होईल' हे कारण कायद्याच्या पुस्तकात नाही.

मग सारा संपर्कच बंद करावा काय? अमेरिकेतील मिसुरी राज्याने हा मार्ग चोखाळून पाहिला, म्हणून त्याचा अनुभव येथे सांगतो. एका विद्यार्थिनीवर शिक्षकाने केलेल्या अत्याचाराच्या पार्श्वभूमीवर त्या राज्याने २०११ मध्ये कायदा केला, की शिक्षक व विद्यार्थी यांस आपसांत गुप्तपणे बोलता येईल अशी समाजमाध्यमे शिक्षकाने वापरू नयेत. शिक्षकांची संघटना न्यायालयात गेली. शिक्षकास त्याच शाळेत शिकणाऱ्या स्वतःच्या मुलाशीही बोलता येणार नाही, इतका हा नियम सैल शब्दांत लिहिला आहे, असा आक्षेप घेण्यात आला. ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी त्यास मनाई केली, आणि विधिमंडळाने ते कलम मागे घेऊन प्रत्येक शाळा-जिल्ह्याने आपापला नियम करावा असे ठरविले. आमच्या मते यातून घ्यावयाची गोष्ट साधी आहे. बोलणे बंद करण्याचा नियम टिकत नाही. बोलणे उघड्यावर ठेवण्याचा नियम टिकू शकतो. शिक्षकाने विद्यार्थ्यास जे लिहावयाचे ते वर्गाच्या ग्रुपवर किंवा पालकाच्या क्रमांकावर लिहावे. अडलेले गणित सर्वांसमोर सोडवावे. ज्याने विचारले नाही त्यासही त्याचा लाभ होईल. यात सज्जन शिक्षकाचे काही जात नाही. उलट खोट्या आळापासून त्याचे रक्षणच होते.

ग्रुपवर येणाऱ्या मजकुराकडे आता वळू. शाळेच्या ग्रुपवर, किंवा शिक्षकांच्या आपसांतील ग्रुपवर, आरक्षणाची टवाळी करणारा एखादा विनोद येतो. 'चाळीस टक्केवाला डॉक्टर' अशा धाटणीचा. कोणी हसण्याचे चिन्ह टाकते, दहा जण गप्प राहतात. त्या दहांत एक आमचाही असतो. त्या शिक्षकास उद्या त्याच सहकाऱ्यांबरोबर चहा घ्यावयाचा असतो, आणि त्या पालकाच्या मुलास त्याच वर्गात बसावयाचे असते. आम्ही त्यांस भित्रे म्हणणार नाही. पण त्यांनी हे जाणावे की, कायद्याने त्यांस अगदी निःशस्त्र ठेवलेले नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात जी भर पडली, आणि जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, तीत या समाजांविरुद्ध शत्रुत्व वा द्वेष पसरविणे हा गुन्हा आहे. आणि या समाजांस पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी वा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा आहे. बाबासाहेबांच्या चित्राची विटंबना करून ते फॉरवर्ड करणारा 'मी फक्त पुढे पाठविले' असे म्हणून सुटेल असे त्याने गृहीत धरू नये.

अपमान 'लोकांसमक्ष' झाला काय, हा प्रश्न मात्र अशा खटल्यांत निघतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असे मत नोंदविले की, फेसबुकवरील मजकूर फक्त मित्रांपुरता ठेवला म्हणून तो लोकांसमक्ष नाही असे होत नाही. परंतु मजकूर विशिष्ट व्यक्तीस उद्देशून नव्हता म्हणून त्या प्रकरणातील गुन्हा त्याच निकालाने रद्द झाला. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की, इंटरनेटवर टाकलेली चित्रफीत जो जो पाहतो त्याच्यासमोर अपमान नव्याने घडतो. हे दोन्ही निकाल आम्ही मुद्दाम एकत्र सांगत आहोत. कायदा हाती आहे, पण तो प्रत्येक कुचाळकीवर चालेल असे समजून धाव घेणाऱ्याची निराशा होते, आणि एक फसलेली तक्रार पुढच्या दहा खऱ्या तक्रारींस अडथळा करते. मजकूर, तारीख, पाठविणाऱ्याचा क्रमांक आणि ग्रुपचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावा. भांडण नंतर. आमचे लोक पुष्कळदा उलट करतात. आधी ग्रुपवर चार शिव्या घालतात, मग ग्रुप सोडतात, आणि पुरावा ग्रुपबरोबर जातो.

शिक्षकही नागरिक आहे आणि त्यास मत आहे. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापरासाठी शासन निर्णय काढला. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी त्यात येत असल्याने जिल्हा परिषदेचे शिक्षकही त्यात आले. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, द्वेषमूलक व भेदभावास चिथावणी देणारा मजकूर टाकू वा पुढे पाठवू नये, हे त्यातील भाग आम्हांस मान्य आहेत. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये हा भाग मात्र आमच्या घशाखाली उतरत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही असे लिहिणारा शिक्षक शिस्तभंग करतो आणि जातीचा विनोद फॉरवर्ड करणारा केवळ थट्टा करतो, असा अर्थ जर एखाद्या अधिकाऱ्याने लावला तर तो निर्णय कोणाच्या उपयोगी पडला? हत्यार कोणावर चालते यावर आमचे लक्ष राहील.

मुलांच्या स्वतःच्या फोनविषयी थोडे लिहिले पाहिजे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्के मुलांस स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही काम केलेली मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमे वापरलेली ७६ टक्के होती. आकड्यांवर भाष्य करण्याची गरज नाही. इन्स्टाग्राम व फेसबुक या कंपन्यांच्या नियमानुसार तेरा वर्षांखालील मुलास खाते उघडता येत नाही. म्हणून मूल खोटी जन्मतारीख लिहिते, आणि ती बहुधा थोरला भाऊ शेजारी बसून लिहून देतो. पंचशील पाठ असलेल्या घरातही हे चालते, आणि चौथे शील त्या वेळी कोणास आठवत नाही! ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस अशी खाती ठेवू देण्यास कंपन्यांस मनाई केली आहे. त्याचा परिणाम काय होतो ते दिसेल. तोवर आपले घर आपणच पाहिले पाहिजे.

आमच्या मुलांस धोका दुहेरी आहे. रील पाहण्यात रात्र जाते हा एक. तो सर्वांच्याच मुलांस आहे. दुसरा असा की, १४ एप्रिलला मुलगा अभिमानाने बाबासाहेबांचा फोटो डीपीला लावतो आणि त्याखाली येणारी घाण एकटाच वाचतो. घरी सांगत नाही, कारण घरच्यांस फोन कळत नाही. शाळेत सांगत नाही, कारण घाण टाकणारा बाकावर शेजारीच असतो. मग तो तशाच भाषेत उत्तर देतो, आणि तक्रार झाली तर त्याच्या उत्तराची होते. हे प्रकरण फोनमध्येच राहते असे नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत, फोनवर वाजलेल्या बाबासाहेबांवरील गीतावरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा खून झाला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांनी ठेवलेल्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. मुलाने डीपी काढून टाकावा असे आम्ही म्हणणार नाही. अभिमान लपवून मिळणारी शांतता आम्हांस नको. पण त्याने काय आले ते आईबापांस दाखवावे, आणि आईबापांनी ते पाहून आधी त्याच्या पाठीवर हात ठेवावा, फोन हिसकावून घेऊ नये. ज्या मुलाचा फोन हिसकावला जातो ते पुढच्या वेळी काहीच दाखवीत नाही.

मजकुराविषयी दुसऱ्यांस जाब विचारताना आपल्या ग्रुपांकडेही पाहिले पाहिजे. बाबासाहेबांनी कधी उच्चारली नाहीत अशी वाक्ये त्यांच्या नावावर आणि त्यांच्या फोटोसह आमचेच लोक रोज सकाळी पाठवितात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. ते विहारात असतात, पण कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणास माहीत नसते. केवळ ऐकले म्हणून, किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांस केला होता. त्या उपदेशाचे वारस म्हणविणाऱ्यांनी न वाचता पुढे पाठवावे, आणि त्यांच्या मुलाने ते निबंधात उतरवून शाळेत चूक ठरावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

हे सारे कोठे मांडावयाचे? खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, दुर्बल व वंचित घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात, आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळ गावांत आमच्या भगिनी त्या समितीवर आहेत आणि त्यांचे काम सहीपुरते राहिले आहे. हीच ती जागा आहे. पुढच्या सभेस जाताना त्यांनी एक कागद लिहून न्यावा: वर्गाच्या ग्रुपवर फक्त शिक्षकाने सूचना टाकावी आणि तीच सूचना त्याच दिवशी शाळेच्या फलकावर लावावी, जात, प्रवर्ग, उत्पन्न, गुण व थकीत पैसे यांविषयी कोणत्याही मुलाची माहिती ग्रुपवर टाकू नये, पालकाच्या लेखी संमतीवाचून मुलाचा फोटो शाळेबाहेर जाऊ नये, शिक्षकाने विद्यार्थ्यास खाजगी संदेश पाठवू नयेत, आणि अपमानास्पद मजकूर आला तर ॲडमिनने तो काढण्यापूर्वी त्याची नोंद करून मुख्याध्यापकांस द्यावी. विनाअनुदानित शाळेतील पालकांनी हाच कागद पालक-शिक्षक संघापुढे ठेवावा.

ठराव कार्यवृत्तात लिहिला गेला की नाही हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर मुलीस बरोबर न्यावे, ती वाचून दाखवील. एक प्रत मुख्याध्यापकांची सही व तारीख घेऊन घरी ठेवावी. शाळेने दाद दिली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जावे. मूल संकटात असेल तर १०९८, आणि जातीवरून अत्याचार झाला असेल तर १४५६६, हे दोन क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. ते साध्या फोनवरूनही लागतात.